खडी फोडेल त्यालाच भाकरी

सोलापूरच्या भवानी पेठेतून मी बोलतेय. आज बचतीचा हिशेब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज इतिहासाची एक गोष्ट सांगणार आहे आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

कुठल्याही गटाच्या बैठकीत बसा. एखाद्या योजनेची यादी निघाली की दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "तिला कशाला पाहिजे? तिचं बरं चाललंय की." दुसरं, "फुकट मिळायला लागलं की माणसं कामाला हात लावत नाहीत." रेशनच्या रांगेत हेच ऐकू येतं, तहसील कचेरीच्या पायरीवरही हेच. आपल्याला वाटतं ही आजकालची भाषा आहे. पण असाच विचार १८७७ साली सरकारी हुकमात लिहिला गेला होता, आणि त्या हुकमाखाली आपल्या पणज्या-खापरपणज्या खडी फोडत होत्या. तेव्हा काय झालं ते माहीत असलं, तर पुढच्या बैठकीत यादी करताना आपल्याला उपयोग होईल.

सुरुवात मंगळवेढ्यापासून करू. दामाजीपंत कोण हे तुम्हाला सांगायला नको. बिदरच्या बादशहाचे ते मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात माणसं अन्नावाचून तडफडायला लागली, तेव्हा दामाजींनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटून टाकलं. बादशहानं त्यांना धरून आणायला शिपाई पाठवले. मग प्रत्यक्ष विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला आणि सगळ्या धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला, अशी ती कथा. पंधराव्या शतकातल्या त्या दुष्काळाला लोक दामाजीपंताचा दुष्काळ म्हणूनच ओळखत आले.

चमत्कार हा श्रद्धेचा भाग. पण कथेतल्या दोन गोष्टी बघा. दामाजींनी दारात आलेल्या कुणालाही विचारलं नाही की बाबा, तू खरंच उपाशी आहेस का, दाखला दाखव. ही एक. आणि दुसरी, धान्याचा हिशेब मागायला माणूस आलाच. ते पैसे कुणाला तरी भरावे लागले. गरिबाला मदत म्हटली की हे दोन प्रश्न येतातच. द्यायचं कुणाला? आणि पैसा कुणाचा?

हिशेब मागणाऱ्यांचं म्हणणं

जे आधी दुसरा प्रश्न विचारतात, त्यांच्या विचाराला परंपरावादी किंवा काटकसरीचा विचार म्हणतात. तो हसण्यावारी नेऊ नये. त्यांचं म्हणणं साधारण असं असतं. सरकारचा पैसा म्हणजे रयतेनं भरलेला कर, तो जपून वापरला पाहिजे. फुकट मिळालं की माणसाची कष्टाची सवय मोडते. मदत घ्यायची लाज राहिली नाही तर धडधाकट माणूसही हात पसरतो, आणि खऱ्या गरजूचा वाटा जातो. म्हणून मदत घरच्यांनी करावी, भावकीनं करावी, गावानं करावी. सरकारनं अगदी शेवटी यावं आणि तेही काम करून घेऊन पैसे द्यावेत.

यातलं बरंचसं आपल्या आया-आज्यांनीही आपल्याला सांगितलंय. फुकटचं पचत नाही, असं आपणही म्हणतो. म्हणूनच हा विचार सरकारी नियम झाला तेव्हा काय घडलं, ते बघायला हवं.

इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांसाठी नवा कायदा झाला. धडधाकट गरिबाला घरी बसून मदत द्यायची नाही, त्यानं वर्कहाऊसमध्ये, म्हणजे सरकारी कामघरात, राहायला यायचं. तिथं नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, मुलं तिसरीकडं. आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही वाईट ठेवायचं, हे मुद्दाम ठरवलेलं होतं. का? तर ज्याला खरोखरच दुसरा इलाज नाही, तोच दार ठोठावेल. कुणाची चौकशी करायला नको, दाखले तपासायला नकोत. त्रासच परीक्षा घेईल.

कंपनी सरकारचे हिंदुस्थानात येणारे अधिकारी इंग्लंडात हेलिबरी इथल्या कॉलेजात शिकायचे. तिथं माल्थस नावाचे प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवायचे. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगानं वाढते आणि मदतीनं गरिबी आणखी वाढते, या मताबद्दल ते प्रसिद्ध होते. हा विचार घेऊन आलेल्या साहेबांच्या हातात पुढं आपल्याकडचे दुष्काळ आले.

एकाच साहेबाच्या दोन तऱ्हा

सर रिचर्ड टेंपल हे नाव लक्षात ठेवा. १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा मदतीचं काम या टेंपल साहेबाकडं होतं. त्यानं ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हातानं वाटला, कामं काढली. त्या दुष्काळात भूकबळी जवळजवळ झाले नाहीत. शाबासकी मिळायला हवी होती. पण झाली टीका. एवढा खर्च कशाला केला, तांदूळ शिल्लक कसा राहिला, लोकांना कशाला लाडावलं, असे प्रश्न लंडनपर्यंत विचारले गेले. माणसं वाचवल्याबद्दल टेंपलची उधळ्या म्हणून बदनामी झाली.

तीन वर्षांनी दख्खनवर पाळी आली. १८७६ साली पाऊस गेला. सोलापूर, विजापूर, सातारा, नगर, पुणे, खाली बेळगाव-धारवाड आणि पुढं सगळा मद्रास इलाखा होरपळला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायचा मोठा दरबार भरला होता. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटननं टेंपलला दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर पाठवलं. बजावणी एकच, खर्च आवरा. उधळेपणाचा डाग लागलेला टेंपल या वेळी अगदी कडक झाला.

त्यानं मजुरी कापली. दिवसभराच्या कामाला पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. बाईला आणि काम करणाऱ्या पोराला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. तुम्ही भाकरी थापणाऱ्या बाया आहात, तुम्हीच हिशेब करा. अर्धा किलोसुद्धा नाही, चार-पाच भाकरीचं पीठ. त्यावर उन्हात दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. मद्रासचे सरकारी आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. राबणाऱ्या माणसाला निदान दीड पौंड धान्य हवं आणि सोबत डाळ-भाजी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं मद्रास सरकारनं थोडं वाढवलंही. पण साडेचारशे ग्रॅमची ती मजुरी टेंपलच्या नावानं इतिहासात राहिली.

दुसरी अट अंतराची. गावाजवळची लहान कामं कमी करायची आणि लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायचं. काम घरापासून दहा मैलांच्या, म्हणजे सोळा किलोमीटरच्या पलीकडं असावं आणि मजुरानं तिथंच छावणीत राहावं. यामागचं तर्कट इंग्लंडच्या वर्कहाऊससारखंच होतं. घरदार सोडून एवढ्या लांब येईल तोच खरा गरजू, आणि जो येणार नाही त्याच्या घरात काहीतरी असणार.

आता बायांनो, ही अट कुणाला अडवत असेल? धडधाकट आळशाला? तो तर सोळा किलोमीटर चालू शकतो. अडली ती अंगावर पिणारं पोर असलेली बाई. सासू अंथरुणाला खिळलेली असलेली सून अडली. उरलेली एक शेळी कुणाच्या भरवशावर सोडायची, असा प्रश्न पडलेली विधवा अडली. आठ दिवस पोटात नीट अन्न नसल्यानं ज्याचे पाय चालत नव्हते, तो माणूस अडला. म्हणजे जो जास्त उपाशी, तो या परीक्षेत आधी नापास.

कामं सोडून गेलेली माणसं

लोक गप्प बसले नाहीत. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून हजारो मजूर उठून गेले. कापलेली मजुरी आणि लांबच्या छावण्या त्यांनी नाकारल्या. कुणाचा पक्ष नव्हता, झेंडा नव्हता, उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता. सरकारनं त्याचा अर्थ काय लावला? बघा, कामं सोडून जातायत म्हणजे यांना गरज नव्हतीच. परीक्षा इतकी कडक ठेवायची की माणसं पळून जावीत, आणि पळून गेली की तोच पुरावा धरायचा!

पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या लोकांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांची ही सभा. तिनं दुष्काळी जिल्ह्यांत माणसं पाठवली, गावोगावची हकिगत गोळा केली आणि सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली. सोलापूर जिल्ह्याची हकिगतही त्यात आहे.

त्याच काळात सत्यशोधक समाज अन्नछत्रं चालवत होता. जोतीराव फुल्यांनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. दुष्काळ कसा पसरलाय, सावकार त्याचा कसा फायदा घेतायत, कार्यकर्ते काय करतायत, हे त्यांनी त्यात लिहिलंय. सावित्रीबाईंना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो. दुष्काळात गावोगाव मदतीचं काम करणारी कार्यकर्ती म्हणूनही त्यांना ओळखायला हवं. आज आपण गावात जे काम करतो, त्याच्या अगदी जवळचं ते काम आहे.

परिणाम जनगणनेत दिसतो. १८७२ ची जनगणना दुष्काळाआधीची आणि १८८१ ची दुष्काळानंतरची. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती, ती सहा लाखांच्या खाली आली. काही मेले, काही परागंदा झाले. सबंध हिंदुस्थानात या दुष्काळानं घेतलेले बळी सरकारनंच नेमलेल्या आयोगानं पन्नास लाखांच्या वर धरले. आणि १८७७-७८ साली इथून इंग्लंडला गेलेला गहू तीन लाख टनांच्या वर होता. म्हणजे देशात धान्य नव्हतं असं नाही. उपाशी माणसाच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि पैसा देणारं काम त्याला झेपणारं नव्हतं.

त्या धोरणाचं बरं-वाईट

एवढं ऐकून कुणी म्हणेल, काम करून घेऊन मदत देणं म्हणजे पापच होतं. तसं मी म्हणणार नाही. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्याच दुष्काळात लोकांच्या हातांनी सुरू झाला. तिथलं पाणी पुढं पिढ्यान् पिढ्या शेतीला मिळालं. नुसतं धान्य वाटलं असतं तर तलाव झाला नसता. काम देण्यात आणखीही एक चांगली गोष्ट आहे, बाई मान वर करून मजुरी घेते. दुष्काळ पाहिलेल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, भीक मागण्यापेक्षा माती वाहिलेली बरी, असंच ती सांगेल.

चूक कामात नव्हती. काम कशासाठी काढलं, यात होती. माणसं जगावीत म्हणून काम काढलं, तर ते घराजवळ निघतं, मजुरी पोटभर असते, पोरासाठी सावली असते. माणसं कमी यावीत म्हणून काढलं, तर ते सोळा किलोमीटरवर निघतं.

सरकारलाही थोडंफार कळलं. सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या दुष्काळ आयोगानं १८८० साली अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाला. लोकांचा जीव वाचवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यात मान्य केलं. दुष्काळाची चिन्हं काय, कामं कधी काढायची, म्हातारे, आंधळे, पांगळे यांना गावातच मदत कशी द्यायची, हे लिहिलं गेलं. पण मदतीनं लोकांची काटकसर आणि स्वावलंबन मोडू नये, हा धाक कायम राहिला. धडधाकट माणसासाठी कामाची परीक्षा राहिलीच.

सोलापूर शहरातल्या विणकरांचाही यात संबंध येतो. आमच्या भवानी पेठेत आणि आसपास विणकरांची घरं जुनी आहेत. ज्याचा हात धोट्यावर बसलाय, त्याला खडी फोडायला लावलं तर हात बिघडतो आणि दुष्काळ संपल्यावरही त्याचं पोट जातं. म्हणून कोडात कारागिरांना त्यांच्याच धंद्यात मदत द्यायची सोय होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत सोलापुरात विणकरांना सूत देऊन कापड विणून घेण्याची कामं निघाली. सगळ्यांना एकाच कामाच्या परीक्षेत बसवू नये, एवढं शहाणपण अनुभवानं आलं.

तरी त्या कोडात एक मोठी उणीव होती. दुष्काळ आहे की नाही, हे सरकार ठरवणार. सरकारनं जाहीर केलं तर कामं, नाही तर नाही. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं मेली, पण तिथल्या सरकारनं कोडाप्रमाणे दुष्काळ जाहीर केलाच नाही. मदत सरकारच्या मर्जीवर होती. तिच्यावर लोकांचा हक्क नव्हता.

बहात्तर आणि सत्त्याहत्तर

मग आला बहात्तरचा दुष्काळ. तुमच्या गटात सत्तरीच्या पुढची कुणी बाई असेल, तर तिला नुसतं "बहात्तर" म्हणा, ती पुढचं सांगेल. लाल मिलो, सुकडी, खडीचे ढीग, पाझर तलाव, मस्टर लिहिणारा मुकादम. आपला जिल्हा त्यातही होरपळला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. हाल झाले, गुरं गेली, माणसं शहरात गेली. पण १८७७ सारखे गावंच्या गावं ओस पाडणारे मृत्यू झाले नाहीत. यावेळी कामं गावांच्या जवळ काढली होती. आणि काम नाही निघालं, तर लोक मोर्चे काढत होते, कचेऱ्यांना घेराव घालत होते, आमदाराला जाब विचारत होते. मतदार असलेल्या माणसाला उपाशी ठेवणं सोपं नसतं.

याच काळात वि. स. पागे यांचं नाव पुढं आलं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. विधान परिषदेचे ते सभापती होते. त्यांनी मांडलं की काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं नुसतं धोरण नको, कायदा हवा. त्यांच्या भागात त्याचा प्रयोग झाला होता. १९७२ साली राज्यभर रोजगार हमी योजना आली. १९७५ साली नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला, त्याचा पैसा या कामांना लावला आणि तेवढाच सरकारनंही घालायचा ठरलं. आजही शहरातल्या पगाराच्या चिठ्ठीवर तो कर दिसतो. पैसा कुणाचा, हा दामाजींच्या कथेतला प्रश्न इथं सरळ सोडवला गेला.

रोजगार हमी कायदा विधिमंडळात एकमतानं मंजूर झाला तो १९७७ साली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. सालं बघा. १८७७ आणि १९७७, मधे बरोबर शंभर वर्षं. काम जवळपास तेच, खडी, माती, तलाव, बांध. अंगमेहनत करेल त्यालाच मजुरी, ही काटकसरीवाल्यांची अटही तशीच. पण सगळा अर्थ उलटा झाला होता. १८७७ मध्ये सरकार काम पुढं करून माणसाला विचारत होतं, तू खरंच गरजू आहेस का? १९७७ नंतर बाई अर्ज पुढं करून सरकारला विचारू लागली, पंधरा दिवसांत काम देतोस का? नाही दिलंस तर बेकारी भत्ता दे. कायद्यानं परीक्षार्थी बदलला.

यातही खोट होती. बेकारी भत्ता फारसा कुणाला मिळाला नाही. बोगस मस्टरं झाली, मेलेल्या माणसांच्या नावावर हजेऱ्या लागल्या. हिशेब मागणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती, पैसा गळत होताच. पण गळती कुठं होती ते बघा. ती मस्टर लिहिणाऱ्याकडं होती, पाटी वाहणारीकडं नव्हती. तरीही पाटी वाहणारीचीच जास्त तपासणी व्हायची.

एवढ्या खोटी असूनही या कामांवर बायका पुरुषांच्या बरोबरीनं, कित्येक ठिकाणी जास्त संख्येनं आल्या. मालकाच्या शेतावर बाईला कमी रोज आणि गड्याला जास्त रोज असायचा. इथं कामाच्या मापावर दर ठरला. पुढं २००५ साली केंद्रानं सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव डोळ्यांपुढं होता. त्यात लिहिलं होतं की काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत असावं, लांब असेल तर दहा टक्के जादा मजुरी द्यावी, पिण्याचं पाणी आणि सावली असावी, सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई असावी. टेंपलच्या सोळा किलोमीटरच्या अटीला मिळालेलं हे उत्तर, सव्वाशे वर्षांनी.

आता यादी आपल्या हातात

हे सगळं आज कशाला सांगतेय? कारण आता परीक्षा घेणारे फक्त साहेब राहिले नाहीत. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आपणच बसलो होतो. महिन्याला दीड हजार रुपये, वय एकवीस ते पासष्ट, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको. संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला एकवीस हजारांचा लागतो, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. अटी असाव्यात. पैसा मर्यादित आहे, तो चारचाकीवाल्याच्या घरी जाऊ नये, हे मलाही पटतं. पण कुठलीही अट समोर आली की १८७७ चा प्रश्न विचारायचा, ही अट अडवायचं कुणाला ठरवते आणि प्रत्यक्षात अडतं कोण?

विड्या वळून, खुरपून बोटांची कातडी गेलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. ती रेशन न घेता परत जाते. मग कुणी म्हणतं, घ्यायला आली नाही, म्हणजे गरज नसेल. कामं सोडून गेलेल्या मजुरांबद्दल सरकार जे म्हणालं होतं, तेच हे. मोबाईल नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून ओटीपी मिळाला नाही, माहेरचं आणि सासरचं आडनाव जुळलं नाही, ऊसतोडीला गेली म्हणून तारीख चुकली, या सगळ्या आजच्या सोळा किलोमीटरच्या अटी आहेत.

आणि आपल्या गटाचे नियमसुद्धा तपासून बघू. पंचसूत्री चांगली आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब याच जोरावर आपण सावकाराच्या दारातून बाहेर पडलो. काटकसरीचा विचार इथं आपल्या उपयोगी आला, हे मान्य करायला हवं. पण महिन्याला शंभर रुपये टाकू न शकणारी, सहा महिने ऊसतोडीला जाणारी, नवऱ्यानं टाकलेली, पायानं अधू असलेली बाई आपल्या गटात आहे का? गावातल्या दहा गटांत तिचं नाव नसेल, तर तिला कुणी मुद्दाम काढलेलं नाही. आपल्या नियमांनीच तिला बाहेर ठेवलंय.

म्हणून पुढच्या बैठकीत इतिवृत्त लिहून झालं की एक कोरा कागद घ्या. त्यावर यादीत असलेल्यांची नावं लिहू नका, यादीत नसलेल्यांची लिहा. वाडीवस्तीवरची एकेक बाई आठवा. प्रत्येक नावापुढं ती कुठल्या अटीत अडली ते लिहा. दाखला नाही, अंगठा नाही, अंतर, बचतीची रक्कम, आडनाव. मग यातली कुठली अट गट स्वतः सैल करू शकतो, ते ठरवा. ऊसतोडीहून परत आल्यावर राहिलेली बचत भरायची मुभा देणं आपल्याच हातात आहे. बाकीच्या अटींसाठी तो कागद ग्रामसभेत वाचा आणि तहसीलला अर्ज द्या. अर्जाची पोच मात्र घ्या, कारण पोच असली तर उत्तर मागता येतं.

आणि बैठकीत कुणी म्हणालंच की "तिला कशाला पाहिजे?", तर भांडू नका. तो कागद काढा आणि तिच्या नावापुढं काय लिहिलंय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवा.